तक्रारवहीतलं समुद्रपर्यटन

क्रूझ जहाजावर प्रवाशाला काय हवं असतं हे जाहिरातींवरून ठरवायचं तर उत्तर सोपं आहे: आणखी एक घसरगुंडी, आणखी एक पूल, आणखी चार रेस्टॉरंट्स. पण नुकत्याच परतलेल्या माणसाला विचारून पाहा. तो लिफ्टबद्दल बोलतो. सकाळी सातलाच पूलकडच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून नाश्त्याला गेलेल्या आणि दुपारपर्यंत न फिरकलेल्या मंडळींबद्दल बोलतो. कसिनोतून जिन्यापर्यंत येणारा सिगारेटचा वास, केबिनमधलं एकुलतं एक सॉकेट आणि शेवटच्या दिवशी हातात पडलेलं बिल हे विषयही ओघाने येतात. घसरगुंडीचा उल्लेख निघालाच तर मुलांना मजा आली एवढाच.

क्रूझ लाइन्स इंटरनॅशनल असोसिएशन या कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये २ कोटी ९७ लाख लोकांनी समुद्रसफर केली. कोविडने धंदा ठप्प केला, तरी २०२४ मध्ये हा आकडा ३ कोटी ४६ लाखांवर गेला. गिऱ्हाईक रागावून निघून जातंय अशी परिस्थिती अजिबात नाही. म्हणूनच प्रवाशांच्या कोणत्या मागण्या पुऱ्या झाल्या आणि कोणत्या वर्षानुवर्षं तशाच पडून आहेत, हे तपासण्यासारखं आहे. ज्या सुधारणेतून कंपनीला उत्पन्न मिळतं ती लवकर होते. जी एखाद्या दुर्घटनेनंतर नियमात उतरते ती उशिरा का होईना, होते. उरलेल्या मागण्यांना वाली नसतो आणि दुर्दैवाने रोजचा जाच असतो तो त्यांचाच.

पहिल्या प्रकारातलं ठळक उदाहरण इंटरनेटचं. भर समुद्रात मिनिटांच्या हिशेबाने पैसे मोजायचे आणि एक ईमेल उघडायला पाच मिनिटं थांबायचं, ही तक्रार दीड दशक चालली. २०२२ मध्ये रॉयल कॅरिबियनने सगळ्या जहाजांवर स्टारलिंकचं उपग्रह-इंटरनेट घेण्याचं ठरवलं, पाठोपाठ इतर कंपन्याही गेल्या आणि दोन-तीन वर्षांत व्हिडिओ कॉल सुरळीत लागू लागले. प्रवाशांचा आवाज अचानक ऐकू आला असं नाही. वेगवान वायफायचं पॅकेज विकता येतं, हे खरं कारण.

एकट्या प्रवाशाचंही तसंच. केबिनचं भाडं दोघांच्या हिशेबाने ठरतं, त्यामुळे एकटा माणूस गेला की त्याला बहुतेक वेळा दोघांचे पैसे भरावे लागतात. विधवा, विधुर, अविवाहित, किंवा जोडीदाराला बोट लागते म्हणून एकटे निघालेले, सगळ्यांची ही जुनी तक्रार. २०१० मध्ये नॉर्वेजियन एपिक या जहाजावर एकट्यांसाठी १२८ स्टुडिओ केबिन बांधल्या गेल्या, प्रत्येकी सुमारे १०० चौरस फुटांच्या, आणि शेजारी फक्त त्यांच्यासाठी लाउंज. शंभर चौरस फूट ऐकून मुंबईकर दचकणार नाही. त्या केबिन भरल्या, तेव्हा इतर कंपन्यांनाही एकटा प्रवासी दिसू लागला. तरीही अशा केबिन मोजक्याच असल्याने त्या आधी संपतात आणि उरलेल्यांना दुप्पट भाडं चुकत नाही.

दुर्घटनेने काय होतं ते पाहायला इटलीच्या जिल्यो बेटापाशी जावं लागतं. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून कलंडलं. त्यावर ४,२०० हून अधिक लोक होते, त्यांतले ३२ मेले. त्याच संध्याकाळी चिव्हिटावेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती. ती चोवीस तासांत घेतली तरी चालेल असा तेव्हाचा नियम होता आणि ती दुसऱ्या दिवसावर ठेवली होती. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला: जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी कवायत झालीच पाहिजे. गंमत अशी की हीच कवायत प्रवाशांना सगळ्यात नकोशी. लाइफजॅकेट चढवून उन्हात रांगेत उभं राहायचं आणि कोणी तरी हजेरी घेणार. कोविडमध्ये गर्दी टाळण्यासाठी रॉयल कॅरिबियनने २०२० मध्ये पर्याय काढला: मोबाइलवर सूचना पाहायच्या आणि सवडीने आपल्या जमण्याच्या जागी जाऊन हजेरी लावायची. प्रवासी खूश झाले. मला मात्र यात थोडी धाकधूक वाटते. काळोखात, तिरक्या जहाजावर माणसाला आठवतं ते पायाने चालून गेलेला रस्ता. मोबाइलवर पाहिलेला व्हिडिओ अशा वेळी किती उपयोगी पडेल?

फेब्रुवारी २०१३ मध्ये कार्निव्हल ट्रायम्फच्या इंजिनरूममध्ये आग लागली आणि जहाज मेक्सिकोच्या आखातात बंद पडलं. कोणी दगावलं नाही. पण सुमारे ४,२०० माणसं चार-पाच दिवस विजेविना, वातानुकूलनाविना आणि मुख्य म्हणजे चालू संडासाविना अडकली. टगबोटींनी ओढत ते अलाबामातल्या मोबिल बंदरात आणलं, तेव्हा टीव्हीवर सगळी अमेरिका बघत होती. त्याच वर्षी मे महिन्यात कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांची दहा कलमी हक्कसनद जाहीर केली. बंदरात लागलेल्या जहाजावर अन्न, पाणी, स्वच्छतागृह देता येत नसेल तर उतरण्याचा हक्क, यांत्रिक बिघाडाने सफर रद्द झाली तर पूर्ण परतावा, अर्धवट राहिली तर अंशतः परतावा, मुख्य जनित्र बंद पडलं तर आपत्कालीन वीज, वेळेवर माहिती. परताव्याचा भाग नीट वाचला तर सनद कुठे थांबते तेही कळतं: तो फक्त यांत्रिक बिघाडापुरता आहे. खराब हवामानामुळे किंवा कप्तानाच्या निर्णयाने एखादं बंदर वगळलं, तर बहुतेक कंपन्यांच्या करारात बंदरशुल्काखेरीज काही परत देण्याचं बंधन नाही. ज्या बेटासाठी माणसाने वर्षभर पैसे साठवले ते डोळ्यांसमोरून निघून जातं आणि खात्यात थोडे डॉलर जमा होतात. वादळात कप्तानाने धोका पत्करू नये हे सगळ्यांनाच मान्य आहे. मागणी एवढीच, की वगळलेल्या बंदराची किंमत तिकिटात किती धरली होती ते आधी सांगा.

सिगारेटची कथा या दोन्ही प्रकारांच्या मधोमध येते. मार्च २००६ मध्ये जमैकाकडे निघालेल्या स्टार प्रिन्सेसच्या बाल्कन्यांना आग लागली. न विझवलेली सिगारेट हे संभाव्य कारण मानलं गेलं. एक प्रवासी मेला, जवळपास तीनशे केबिनचं नुकसान झालं आणि बाल्कन्यांत काय साहित्य वापरायचं याचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. २०१४ मध्ये मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी बाल्कनीत धूम्रपान बंद केलं. कसिनोत मात्र ते बऱ्याच जहाजांवर चालू राहिलं, कारण जुगाराच्या टेबलावर बसणारा आणि सिगारेट ओढणारा माणूस अनेकदा एकच असतो आणि त्याला उठवलं तर गल्ला घटतो. कसिनो नेमका जहाजाच्या मध्यातून जाणाऱ्या वाटेवर, म्हणजे दमेकऱ्यालाही नाटकगृहात जायचं तर तिथूनच.

आरोग्याच्या बाबतीत अमेरिकेची एक पद्धत इतरांनी उचलावी अशी आहे. १९७५ पासून तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचे निरीक्षक परदेश फेरी करून अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची न सांगता तपासणी करतात. शंभरपैकी गुण मिळतात, ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास, आणि निकाल कोणालाही पाहता येतो. उलट्या-जुलाबाची साथ ठरावीक प्रमाणाबाहेर गेली तर जहाजाचं नावही जाहीर होतं. बहुतेकदा दोषी नोरोव्हायरस असतो. हाताला लावायच्या जेलला तो फारसा दाद देत नाही, साबण आणि पाण्याने जातो. प्रवासी कित्येक वर्षं म्हणत होते की बुफेच्या दारात बेसिन ठेवा. नव्या जहाजांवर ती आली आहेत, जुन्यांवर अजून दारात एक हसतमुख कर्मचारी जेलची बाटली घेऊन उभा असतो. डायमंड प्रिन्सेस या जहाजाने २०२० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. योकोहामाला ३,७११ लोक जहाजात अडकले, ७०० हून अधिक कोविडने बाधित झाले, आणि खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये दिवसांमागून दिवस काढण्याचा अर्थ काय हे जगाला कळलं.

आता ज्यांना वाली नाही त्या मागण्यांकडे येतो. त्यांचं मूळ गर्दीत आहे. जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेलं आयकॉन ऑफ द सीज हे २,४८,६६३ टनेजचं, वीस डेकचं जहाज आहे. पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी, म्हणजे एखादा छोटा तालुक्याचा गाव समुद्रात. हा आकार प्रवाशांनी मागितलेला नाही. इंधन, कप्तान, इंजिनं यांचा खर्च जास्त माथ्यांवर वाटला गेला की दरडोई खर्च उतरतो, हे त्यामागचं गणित. पण मोठं जहाज म्हणजे गर्दीचं जहाज असंही नाही. जाणकार प्रवासी एकूण टनेजला केबिनमागे दोघे धरून येणाऱ्या प्रवासीसंख्येने भागून बघतात. तिशीच्या आसपासचा आकडा म्हणजे धक्काबुक्की. क्वीन मेरी २ चा साधारण ५५ येतो, आणि तिथे पूर्ण जहाजाला फेरी मारता येईल असा रुंद डेक आहे, हजारो पुस्तकांचं ग्रंथालय आहे. या हिशेबाने आयकॉनचं गुणोत्तरही कागदावर वाईट नाही. अडचण होते ती सगळे एकाच वेळी एकाच जागी जातात तेव्हा: नाटक सुटल्यावर लिफ्टपाशी, बंदरात उतरायच्या सकाळी दारापाशी, समुद्रातल्या दिवशी पूलपाशी. काही नव्या जहाजांवर लिफ्टमध्ये शिरण्याआधीच मजला सांगायची यंत्रणा आहे, तिने थोडा फरक पडला.

खुर्च्यांचा प्रश्न तर पैशांशिवाय सुटणारा. कार्निव्हलने २०१३ पासून रिकाम्या खुर्चीवर वेळ लिहिलेली चिठ्ठी लावायची आणि चाळीस मिनिटांत कोणी आलं नाही तर टॉवेल उचलायचा, असा नियम केला. नियम चांगला आहे, पण दुसऱ्याचा टॉवेल उचलून त्याच्याशी वाद घालणार कोण? आठवडाअखेर ज्याच्या अभिप्रायावर आपलं काम तोललं जाणार, तो पोरगेला कर्मचारी? म्हणून चिठ्ठ्या लागतात आणि टॉवेल तिथेच राहतात. शांत कोपरा, पूलवर डीजेचा आवाज कमी, दर तासाला कला-लिलावाची घोषणा नको, या मागण्याही अशाच. शांततेचं तिकीट फाडता आलं तेव्हा मात्र ती मिळाली: जास्त पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळा डेक, वेगळा पूल, वेगळं रेस्टॉरंट. पूर्वी सगळ्यांचा असलेला पुढचा डेक आता कित्येक जहाजांवर कार्ड दाखवून उघडतो.

पैशांचा विषय निघाला आहे तर तो नीट मांडायला हवा, कारण बाकीच्या बहुतेक तक्रारींचा उगम तिथेच आहे. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा तिकिटातून येत नाही. तो दारू, कसिनो, स्पा, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली, वेगळे पैसे घेणारी रेस्टॉरंट्स यांतून येतो. तिकीट स्वस्त ठेवून माणूस आत घ्यायचा आणि आत त्याच्या खिशाला हात घालायचा, अशी ही रचना. त्यात दरडोई दररोज साधारण १६ ते २० डॉलर टिप आपोआप बिलात चढते. चौघांच्या कुटुंबाला आठवड्याला पाचशे डॉलरच्या आसपास. मागणी साधी आहे: हे तिकिटातच धरा. कॅलिफोर्नियाचा एक कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि बंदरशुल्क धरून एकच किंमत दाखवणं कंपन्यांना भाग पडलं. मोठ्या कंपन्यांनी मग सबंध अमेरिकेत तसं केलं. टिप मात्र अजून बहुतेक ठिकाणी किमतीच्या बाहेरच आहे. ती नको म्हणून काढून टाकणारे प्रवासी असतात आणि त्यात आपले भारतीयही असतात. त्याने कंपनीचं काही बिघडत नाही, बिघडतं ते केबिन साफ करणाऱ्याचं.

हा साफ करणारा माणूस अनेकदा फिलिपिनो किंवा इंडोनेशियन असतो, पण गोव्याचा, वसईचा किंवा मुंबईचाही असू शकतो. गोव्यात तर असं घर क्वचितच, ज्यातला एक तरी काका, मामा जहाजावर नव्हता. सहा ते नऊ महिन्यांचा करार, सुट्टीचा दिवस जवळजवळ नाही. २०१३ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. उलटं वाचलं तर चौदा तास काम कायदेशीर आहे. प्रवाशांच्या सर्वेक्षणांत सेवकवर्गाचं कौतुक नेहमी वरच्या क्रमांकावर असतं, म्हणून ‘सेवक वाढवा’ ही मागणीही यायला हवी. केबिन दिवसातून दोनदा साफ व्हायच्या त्या अनेक कंपन्यांनी एकदा केल्या, तेव्हा तक्रार झाली ती टॉवेलांची. सेवकाच्या माथी आलेल्या जास्तीच्या केबिनांची फारशी कोणी केली नाही.

केबिनमधल्या मागण्या थोडक्यात. जास्त सॉकेट, अंगाला चिकटणाऱ्या पडद्याऐवजी न्हाणीला काचेचं दार, कपडे धुण्याचं यंत्र. प्रिन्सेस, कार्निव्हल, क्युनार्डवर ते स्वतः वापरता येतं, रॉयल कॅरिबियनवर नाही. चहाची किटली ब्रिटिश जहाजांवर मिळते, अमेरिकीवर आगीच्या भीतीने शक्यतो नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या मागणीला २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बळ दिलं: परदेशी ध्वजाचं जहाज असलं तरी अमेरिकी पाण्यात तिथला अपंग हक्कांचा कायदा लागू. ध्वजाचा मुद्दा महत्त्वाचा, कारण यांपैकी बहुतेक जहाजं बहामा, पनामा, माल्टा किंवा बर्म्युडाच्या ध्वजाखाली फिरतात आणि तक्रार घेऊन कुठे जायचं हे प्रवाशाला कळत नाही.

बंदरात जास्त वेळ, ही मागणी आता बंदरांच्याच विरोधाशी टक्कर घेते आहे. इटलीच्या सरकारने ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून बंद केली. काही कंपन्यांच्या ‘व्हेनिस’च्या सफरी आता राव्हेन्नातून सुटतात, बसने दोनेक तास लांब. सांतोरिनीने २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली, अलास्कातल्या जुनोने २०२६ पासून रोज १६,००० आणि शनिवारी १२,००० खाटांची. कंपन्यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे स्वतःची बेटं आणि किनारे, बहामातल्या कोकोके किंवा सेलिब्रेशन कीसारखे. फेरीवाले नाहीत, आणि नारळपाण्याचे पैसेही कंपनीलाच. ज्याला दुसरा देश पाहायचा होता त्याला मात्र तिथे जहाजाचाच आणखी एक डेक भेटतो.

मुंबईतून सुटणाऱ्या सफरींचं चित्र वेगळं आहे. २००५ मध्ये आलेलं सुपरस्टार लिब्रा, २०१६ च्या अखेरीस आलेलं कोस्टा निओक्लासिका, २०१९ मधलं जलेशचं कर्णिका आणि सप्टेंबर २०२१ पासून फिरणारं कॉर्डेलियाचं एम्प्रेस, ही चारही जहाजं १९८८ ते १९९१ या काळात बांधलेली. जगाने वापरून झालेलं जहाज आपल्याकडे येतं. कर्णिका तर दीड वर्षात अलंगला भंगारात गेलं. म्हणून इथल्या प्रवाशाची पहिली मागणी नव्या जहाजाची: बाल्कनीच्या जास्त केबिन, मोठी न्हाणी. नॉर्वेजियन स्काय (१९९९) आणि नॉर्वेजियन सन (२००१) कॉर्डेलियाकडे येणार असल्याचं जाहीर झालं आहे. दहा वर्षांनी तरी पुढे सरकलो.

जेवणाची तक्रार इथल्या जहाजांवर कमी, परदेशी जहाजांवर जास्त, तरी तिथेही वाट असते. बहुतेक मोठ्या जहाजांच्या स्वयंपाकघरात भारतीय आचारी असतोच, आदल्या दिवशी हेड वेटरला सांगितलं तर वरण, भात, भाजी होते. सिंगापूरहून निघणाऱ्या गेंटिंग ड्रीमवर जैन जेवणही मिळतं. संडासात जेट स्प्रे मात्र पाश्चात्त्य जहाजावर सहसा मिळत नाही. ही मागणी आपल्या सहलींच्या अभिप्रायात असते, पण लाजून शेवटी लिहिलेली.

आणि कोकण. मुंबई-गोवा आगबोट बंद पडून तीन दशकं उलटून गेली. २०१८ मध्ये त्याच मार्गावर आंग्रिया ही क्रूझ सुरू झाली तेव्हा जुन्या बोटीचे प्रवासी हौसेने चढले, पण ती मधल्या कोणत्या बंदरात थांबली नाही. आजचं जहाज रात्री रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण यांच्यासमोरून जातं आणि मुरगावला लागतं. मोठ्या जहाजाला या मधल्या बंदरांत धक्का नाही, हे खरं. पण होडीने माणसं उतरवायची पद्धत लक्षद्वीपला चालते, ती ऑक्टोबर ते मे या मोसमात विजयदुर्गला का चालू नये?

बॅलार्ड पिअरचं नवं टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन उभं आहे. वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता, ७२ काउंटर. ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबईतच क्रूझ भारत मिशन जाहीर झालं, त्यात पाच वर्षांत प्रवासी दुप्पट करायचं उद्दिष्ट आहे. सगळा भर धक्क्यावर आणि इमारतीवर. प्रवाशाच्या बाजूच्या तीन गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. जाहिरातीत कर, बंदरशुल्क, सेवाशुल्क धरून एकच रक्कम छापणं बंधनकारक करा. बंदर वगळलं, सफर आखडली तर किती परत मिळेल हे तिकिटावर मराठी, हिंदी, इंग्रजीत छापा. आणि बंदर आरोग्य अधिकारी जहाजाला जे सहा महिन्यांचं स्वच्छता प्रमाणपत्र देतात त्यात गुण नसतात. ते द्या, आणि टर्मिनलच्या त्या ७२ काउंटरांसमोर, रांगेतल्या माणसाला वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरांत लावा.